आधी सोनोग्राफी, मग जनुकचाचणी

आई-वडिलांपैकी एकाला पॉलिसिस्टिक किडनीचा नेहमी आढळणारा प्रकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. म्हणून अशा घरातल्या सगळ्यांनी उठून जनुकचाचणी करावी, असं मात्र नाही. अशा घरात 15 ते 39 वयाच्या माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून किमान तीन पाण्याच्या गाठी दिसल्या, की सोनोग्राफीवरच निदान होतं, आणि तेही कितीतरी स्वस्तात. पण पंचविशीतली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे सुटलो, असं नव्हे. गाठी पुढेही उमटतात. हा आक्षेप रास्तच आहे. डायलिसिसवरच्या आईला किडनी द्यायला मुलगा निघतो तेव्हा तर तो टाळताच येत नाही. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा जवळच्या नातेवाइकाला दाता मानतो, आणि या आजारात नेमका तोच संशयित! एमआरआयनेही शंका फिटली नाही, तर जनुकचाचणी हवीच. तीही आधी आईची: दोष पीकेडी1 या जनुकात आहे की पीकेडी2 मध्ये, हे तिच्या रक्तात सापडलं नाही, तर मुलाच्या ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबता येत नाही. शिवाय पीकेडी1 चे सहा तोतये (त्याच्याशी मिळतीजुळती जनुकं) त्याच 16 व्या गुणसूत्रावर बसलेले असतात. प्रयोगशाळा ते कसे वगळते, हे नमुना देण्याआधीच विचारावं.