कपड्यांतील ढेकूण आणि उष्णतेचा उपाय

पंचतंत्राच्या मित्रभेदात एक लहानशी गोष्ट आहे. राजाच्या शय्येवरील शुभ्र वस्त्राच्या घडीत मंदविसर्पिणी नावाची एक ऊ सुखाने राहत असे. एके दिवशी अग्निमुख नावाचा ढेकूण तिच्याकडे पाहुणा म्हणून आला. राजा गाढ झोपेपर्यंत धीर धर, असे तिने त्याला परोपरीने बजावले. परंतु जिभेच्या चटकेपुढे त्याचा इलाज चालला नाही. राजा जागा असतानाच तो कडाडून चावला. सेवक धावले, त्यांनी अंथरूण तपासले. वस्त्राच्या घडीत त्यांना ऊ सापडली आणि ती प्राणास मुकली. खरा अपराधी मात्र केव्हाच पलंगाच्या फटीत शिरून बसला होता.

अनोळखी पाहुण्यास थारा देऊ नये, हे या कथेचे तात्पर्य आपण लहानपणी ऐकलेले असते. मला मात्र तिच्यातील सूक्ष्म निरीक्षणाचे कौतुक वाटते. अंगावरच्या वस्त्राला चिकटून राहते ती ऊ. ढेकूण हा फटींचा रहिवासी. कापड हे त्याचे घर नव्हे, पुष्कळदा ते त्याचे वाहन असते. राजाच्या सेवकांनी जी चूक केली तीच आज आपल्या घरोघरी होते. चादरी झटकल्या जातात, कपड्यांवर औषधे मारली जातात आणि ढेकूण जागच्या जागी राहतो. म्हणून कपडे व अंथरूण-पांघरूण यांतून ढेकूण निश्चितपणे कसा घालवावा, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. पूर्ण वाढलेला ढेकूण चार ते पाच मिलिमीटर लांब, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, पांढुरके. मादी ते चिकट द्रवाने शिवणीला किंवा लाकडाला घट्ट डकवून ठेवते. उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडते. प्रौढ होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला निदान एकदा रक्त प्यावे लागते. उलट, अन्न न मिळाल्यास प्रौढ ढेकूण कित्येक महिने उपाशी तग धरू शकतो. त्यामुळे खोली महिनाभर बंद ठेवली म्हणजे ढेकूण मरतील, ही समजूत व्यर्थ होय. गादीच्या शिवणीवर शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग, टाकलेली कात आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके, या त्याच्या वास्तव्याच्या खुणा.

ढेकणामुळे माणसाला एखादा रोग जडतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. पण रात्र रात्र झोप नाही, अंगाला खाज, आणि त्याहून मोठी पीडा म्हणजे मनातील लाज. आपल्याकडे ढेकूण आहेत हे शेजाऱ्याला कळू नये, यासाठी आपण काय काय करतो! वस्तुतः ढेकणाचे अन्न मळ नव्हे, रक्त होय. आणि रक्त स्वच्छ घरातील माणसांतही असतेच. अस्वच्छतेमुळे व अडगळीमुळे त्याला लपायला जागा मिळते, एवढेच खरे.

आमच्या जबलपूरचेच पाहा. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग येथे जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, छावणी होतीच. १९५६ पर्यंत जबलपूरचीही राजधानी नागपूर असल्यामुळे कितीतरी मराठी कारकून व अधिकारी बदलीवर येथे आले आणि पुढे येथेच स्थायिक झाले. अशा जंक्शनच्या गावी माणसांबरोबर वळकट्या, ट्रंका आणि गाद्यांचे गठ्ठे सतत ये-जा करणार. आम्हा सरकारी नोकरांच्या बदलीच्या हुकमात सामानाचे वजन असते, त्यातील ढेकणांची मोजदाद नसते! एका क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये ढेकूण जातो तो असा, कापडाच्या घडीत बसून. यात कोणाच्या घराण्याला कमीपणा येण्याचे कारण नाही.

आता उपायांकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यावर माणसाला वाटले की हे युद्ध आपण जिंकले. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर ही फवारणी होऊ लागली. डासांबरोबर ढेकूणही मरू लागल्यामुळे लोक आरंभी संतुष्ट होते. परंतु १९४७ मध्येच हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. जे थोडे तगले त्यांचीच प्रजा वाढली. पुढे भारतातही तोच अनुभव आला, आणि फवारणीने ढेकूण मरत नाहीत म्हणून लोक फवारणी करणाऱ्यांना दारातून परत पाठवू लागले. त्यानंतर आलेल्या पुष्कळ औषधांचीही हीच कथा आहे.

औषध निकामी ठरले की माणूस अधिक जहाल विषाकडे वळतो, आणि येथे खरा धोका आहे. धान्याच्या कोठारांत वापरावयाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक झोपण्याच्या खोलीत ठेवतात. हवेतील दमटपणा लागताच त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो, आणि त्यावर उतारा असे औषध नाही. ढेकणाने माणूस दगावत नाही, पण ढेकणांवरच्या अशा उपायाने कुटुंबातील माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. या गोळ्या घरात कदापि आणू नयेत. गादीवर रॉकेल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणि जे कापड रात्रभर अंगाला लागायचे, तान्ह्या मुलाच्या तोंडाशी यायचे, त्यावर कोणतेही कीटकनाशक शिंपडणे अयोग्यच होय.

सुदैवाने कापडाच्या बाबतीत विषाची गरजच नाही. ज्या शस्त्राविरुद्ध ढेकणाला अद्याप कवच लाभलेले नाही ते शस्त्र म्हणजे उष्णता. प्रयोगांत असे दिसले आहे की ४५ अंश सेल्सियस तापमानात प्रौढ ढेकूण सुमारे दीड तासात मरतो. अंडी अधिक चिवट. त्यांना ४८ अंशांवर तासाहून अधिक वेळ लागतो. ५५ अंशांवर मात्र अंडे काय आणि ढेकूण काय, कोणीच टिकत नाही. पूर्वी परीट कपडे भट्टीला लावीत, तेव्हा त्या वाफेत हे कार्य न सांगता होऊन जाई.

थंड पाण्यात कपडे दिवसभर भिजवले तर ढेकूण बुडून मरतात, अंडी मात्र जगतात. कोमट पाण्याच्या धुण्यातही अंडी वाचू शकतात. म्हणून सुती कपडे, चादरी व अभ्रे उकळत्या पाण्यात घालावेत, किंवा धुण्याचे यंत्र असल्यास ते ६० अंशांवर लावावे. धुऊन वाळल्यावर शिवणी, काठ, खिसे व नाड्यांच्या जागा यांवरून गरम इस्त्री सावकाश फिरवावी. लोकर, रेशीम, जरीची वस्त्रे यांना उकळणे सोसत नाही. ती ड्रायक्लीनिंगला द्यावीत. शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश तापमान खात्रीने राहत असेल, तर पिशवीत बांधून चार दिवस तेथे ठेवली तरी चालेल. फ्रिजच्या साध्या कप्प्यातील थंडी त्यासाठी पुरत नाही.

आणि ऊन? जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंश सहज ओलांडतो, काही दिवशी ४५ला टेकतो. नौतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हाचे ते नऊ दिवस, गच्चीवर पाय ठरू देत नाहीत. या दिवसांत गाद्या उन्हात टाकण्याची आपली रीत चांगलीच आहे; मात्र तिची मर्यादा ओळखली पाहिजे. कापूस उष्णता आत जाऊ देत नाही. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलेल्या गादीवर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला, तेव्हा तिची वरची बाजू ८५ अंशांपर्यंत तापली, पण खालची बाजू ३५ अंशांच्या आसपासच राहिली. ढेकूण सरकून सावलीच्या बाजूला जातो आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात परततो. पातळ कपडे मात्र काळ्या पिशवीत सैलसर भरून, तोंड घट्ट बांधून, तापलेल्या गच्चीवर दुपारभर ठेवावेत व मधून मधून पिशवी उलटावी. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा भरवसा उकळण्यावर व इस्त्रीवर ठेवावा.

गादी फारच बिघडली असेल तर खोळ उसवून उकळावी आणि कापूस पिंजून घ्यावा. पण पिंजाऱ्याला आधी स्पष्ट कल्पना द्यावी व गादी बांधूनच न्यावी, नाहीतर आपले ढेकूण त्याच्या दुकानातून चार घरी जातील. नवारीचा पलंग असेल तर नवार सोडून उकळावी आणि लाकडाच्या खाचांत उकळते पाणी ओतावे. हे एकदा करून थांबू नये. अंडी फुटण्याचा काळ ध्यानात घेऊन आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावे, आणि तिसऱ्यांदाही. पलंग भिंतीपासून दूर ठेवावा.

या साऱ्यात क्रम महत्त्वाचा आहे. कपडे कवेत घेऊन घरभर फिरू नये. पलंगाजवळच पिशवीत भरून तोंड बांधावे आणि थेट पाण्यात रिकामे करावे. स्वच्छ झालेले कपडे दुसऱ्या, नव्या पिशवीत किंवा पेटीत ठेवावेत. प्रवासाहून आल्यावर सामान पलंगावर न टाकता बाहेरच उघडावे. जुने फर्निचर विकत घेताना त्याच्या फटी पाहाव्यात.

शेवटी एक गोष्ट. चाळीत किंवा क्वार्टरच्या ओळीत एकाच घराने केलेला उपाय फार दिवस टिकत नाही. भिंतीच्या फटीला बिऱ्हाडांची हद्द कळत नाही. तेव्हा संकोच सोडून शेजाऱ्यांशी बोलावे, एक रविवार ठरवावा, आणि साऱ्या ओळीने मिळून पाणी उकळत ठेवावे. पाणी, सरपण आणि थोडी चिकाटी एवढेच त्याला लागते. लपवून ठेवलेल्या ढेकणापायी रात्री कोणीतरी विषाची गोळी घरात आणते. उघडपणे सांगितलेला ढेकूण उकळत्या पाण्याने मरतो.