गुराबेची लाकडी प्रतिकृती : शब्द आणि आकार

पनवेल-उरण परिसरातील चिरनेर हे गाव १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे सर्वपरिचित आहे. गावाच्या एका अंगास डोंगराचे रान, तर काही अंतरावर करंजाची खाडी. रान आणि खाडी यांच्या अशाच सान्निध्यातून कोकणचे आरमार उभे राहिले. त्या आरमारातील गुराबेची लाकडी प्रतिकृती करावयाची झाल्यास आधार कोणता घ्यावा, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

१७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला व तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. मापे घेण्याजोगी मूळ नौका त्यामुळे हाताशी नाही. उरतात ती वर्णने आणि शब्द.

‘गुराब’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ कावळा. पुढे आलेली नाळ म्हणजे कावळ्याची चोच, असे मानण्याचा मोह होतो. परंतु अरबीत हेच नाव भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या नौकांनाही होते. तेव्हा नावाच्या व्युत्पत्तीवरून आकार ठरविणे सयुक्तिक नव्हे.

आकारासाठी रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इतिहासकाराचे वर्णन उपयोगी पडते. त्याच्या मते दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद असून उथळ पाण्यातही चाले. नाळेवरील तक्तपोशी मुख्य तक्तपोशीच्या पातळीत असे; मात्र दोहोंमध्ये उभी फळ्यांची भिंत असे. तिच्या भोकांतून दोन तोफा नाळेवरून समोर मारा करीत. नाळेस कठडा नसे. त्यामुळे वर आलेले पाणी सहज वाहून जाई. युरोपीय जहाजाच्या नमुन्यावर भगवे निशाण चढवून गुराब सिद्ध होत नाही, ती यामुळेच.

प्रमाण १:५० धरल्यास ५ सेंटिमीटर जाडीची फळी १ मिलिमीटरची होते. एवढ्या पातळ कामात सागाचा ठळक रेषा बेढब दिसतो. बारीक पोताचे लाकूड अधिक सोयीचे.

वर्णन जेथे मौन धरते, तेथे कारागिराची भाषा साहाय्यास येते. तळाच्या कण्यास तो ‘पठाण’ म्हणतो, पुढील भागास ‘नाळ’. नौकेचे नाव परभाषेतून येऊ शकते. परंतु अवयवाचे नाव तो घडविणाऱ्या हातापाशी टिकते. होड्या आता फायबरच्या होऊ लागल्या आहेत. म्हणून प्रतिकृतीबरोबरच प्रत्येक भागाचे नाव जुन्या सुतारांकडून टिपून घ्यावे. ते राहिल्यास प्रतिकृती पूर्ण होऊनही मुकी राहील.