सावित्रीची पातळी आणि संगणकाचा रोजनामचा

पावसाळ्यात महाडच्या बाजारपेठेतील माणसाचे चित्त ज्या एका आकड्यावर खिळलेले असते, तो सावित्री नदीच्या पातळीचा आकडा होय. महाडपाशी ६ मीटर ही इशारा पातळी आणि ६.५० मीटर ही धोका पातळी ठरलेली असून, प्रशासनाच्या पूरविषयक तक्त्यात नदी, ठिकाण, वेळ आणि प्रत्यक्ष पातळी यांचे रकाने आखलेले असतात. ‘नदीला पुष्कळ पाणी आले आहे’ हे वाक्य कितीही सत्य असले, तरी त्यावरून कालच्या पाण्याशी आजच्या पाण्याची तुलना होत नाही. रकान्यातील आकड्यांवरून ती क्षणात होते. वेब-प्रणालींच्या अंतरंगात घडणाऱ्या घटना नोंदविण्याचे जे शास्त्र स्ट्रक्चर्ड लॉगिंग, अर्थात संरचित नोंद, या नावाने रूढ झाले आहे, त्याचे मर्म नेमके हेच आहे.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या द्वारे शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून आपले पीक नोंदवू लागला. असल्या कोणत्याही प्रणालीत प्रत्येक हालचालीगणिक प्रोग्राम आपल्या दप्तरात एक ओळ लिहीत असतो. जुनी रीत अशी, की ‘अमुक गटाची नोंद करताना अडचण आली’ असे एखादे वाक्य लिहून मोकळे व्हावे. परंतु अशी लक्षावधी वाक्ये, आणि तीही प्रत्येक प्रोग्रामरच्या निराळ्या शब्दयोजनेची, साठल्यावर पोलादपूर तालुक्यातील किती नोंदी काल दुपारनंतर अडल्या, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर काढणेही दुष्कर होऊन बसते. संरचित पद्धतीत घटनेचे नाव कायम ठेवून तालुका, गट क्रमांक, कारण, लागलेला अवधी हा सारा तपशील स्वतंत्र नावांखाली, बहुधा ‘जेसन’ या मांडणीत, लिहिला जातो. शिवाय प्रत्येक विनंतीला आरंभीच एक ओळखक्रमांक देऊन तो पुढच्या सर्व प्रोग्रामांकडे सोपविला, की एकाच अर्जाचा अनेक यंत्रांतून झालेला प्रवास सलग वाचता येतो.

या विद्येचा एक पाया १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रामसाठी रचलेल्या ‘सिसलॉग’ने घातला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रमाणभूत मसुद्यात नामांकित रकान्यांची तजवीज झाली. त्यात गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत; मात्र नदीच्या उलट येथे आकडा जितका लहान, तितके संकट मोठे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना वेळेचा. सावित्रीचा उगम महाबळेश्वरी, तेथून ती पोलादपूरवरून महाडास येते. २२ आणि २३ जुलै २०२१च्या त्या भीषण पावसात महाबळेश्वरी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि महाड जलमय झाले. वरचा पाऊस आणि खालचा पूर यांतील अंतर जाणायचे, तर दोन्ही ठिकाणची घड्याळे एक हवीत. हीच अट संगणकांनाही लागू आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या कालमापनाशी घड्याळे जुळविण्यास आणि लॉग १८० दिवस जतन करण्यास फर्माविले आहे. त्यातही सह्याद्रीच्या खोऱ्यांसारखी रेंज नसलेली जागा असेल, तर घटना घडल्याची वेळ आणि ती सर्व्हरपाशी पोहोचल्याची वेळ अशा दोन वेळा नोंदविल्या पाहिजेत; अन्यथा सकाळी नोंदविलेले पीक दप्तरी रात्रीचे ठरेल. ‘ओपनटेलिमेट्री’ या सांप्रतच्या प्रमाणसंहितेत या दोन वेळांना पृथक् स्थाने आहेत.

तथापि जे जे घडले ते ते सर्व लिहावे, असा याचा अर्थ खचित नाही. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीला आपल्या अंतर्गत लॉगमध्ये सभासदांचे पासवर्ड उघड्या स्वरूपात लिहिले गेल्याचे आढळले आणि ३३ कोटींहून अधिक सभासदांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. आधार क्रमांक, ओटीपी, बँक खाते यांना रोजनाम्यात थारा असता कामा नये. आणि रकाने आधीच ठरलेले असले, म्हणजे कोणता मजकूर गाळावा हे यंत्रालाही सांगता येते.

महाडच्या उत्तरेस लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथे आणि राज्यातील इतर महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी त्यात घडू शकणाऱ्या घटनांची नावे आणि त्यांचे रकाने कागदावर मांडून घ्या, आणि एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज कोठे अडला हे त्या रकान्यांवरून सांगता येईल की नाही, ते स्वतः पडताळून पाहा.