रानातले रंग (भाग ६) : निळीवाचून शिबोरी

मागच्या भागात आपण हिरड्याच्या पाण्यातून कापड काढले, न खंगाळता उन्हात वाळवले आणि तिथेच थांबलो. ते पिवळट, मातकट कापड पाहून रंग चढलाच नाही असे बऱ्याच जणांना वाटले असेल. पण अर्धे काम तिथेच झालेले आहे. उरलेले अर्धे आज करू, आणि तेही शिबोरीच्या पद्धतीने.

शिबोरीत कापड बांधायचे, दुमडायचे, टाचायचे किंवा दाबून ठेवायचे. जिथे रंगाला वाट मिळत नाही तिथे कापड कोरे राहते आणि त्यातून नक्षी उमटते. आपली बांधणी याच कुळातली. जपानमध्ये नागोयाजवळचे अरिमात्सु १६०८ साली वसले आणि या कामासाठीच नावारूपाला आले. तिथली जुनी जोडी म्हणजे सुती कापड आणि नीळ. म्हणून शिबोरी म्हटले की लोक आधी नीळ शोधतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाने ती मागवण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी.

निळीच्या हौदात कापड काही मिनिटेच बुडवतात आणि पाणी फार तर कोमट असते. बाहेर काढल्यावर हवा लागून निळा रंग उमटतो. वेळ कमी असल्याने रंग घडीच्या आत झिरपत नाही आणि नक्षीची कड रेखीव येते. पळस, खैर, धायटी यांचे तसे नाही. त्यांचा रंग कापडात उतरायला बराच वेळ गरम पाणी लागते. तेवढ्यात दोरा ढिला पडतो, पाणी घडीत शिरते आणि नक्षी पुसट होते. घरी केलेली शिबोरी फसते ती बहुधा याच कारणाने.

हिरडा आणि लोह ही जोडी इथे उपयोगी पडते. हिरड्यातले टॅनिन कापडात आधीच बसलेले आहे. त्याला लोह मिळाले की थंड पाण्यातही राखाडी-काळा रंग तिथल्या तिथे तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी करत, ती याच गुणावर. चूल नको, वाट पाहणे नको; म्हणजे निळीचा जो फायदा, तोच इथे मिळतो.

प्रमाण असे. १०० ग्रॅम सुती कापडाला मागच्या वेळी २० ग्रॅम हिरड्याची पूड घेतली होती. आता त्याच कापडाला ३ ग्रॅम हिराकस आणि ३ लिटर साधे पाणी पुरते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ते कृषी केंद्रात मिळते. हात सैल सोडू नका. लोह जास्त झाले तर रंग गडद दिसेल, पण काही वर्षांत कापड त्या जागी विरू लागेल. कोशाच्या कापडाला याच्या निम्मेच घ्या. भांडे प्लास्टिकचे असावे आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. हातमोजे घाला, पूड मुलांच्या हाती लागू देऊ नका.

कापड कुठले घ्यावे? गिरणीच्या कापडाची खळ काढावी लागते, हे दुसऱ्या भागात आले आहे. हातमागाची खादी जवळ असेल तर उत्तम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाचे खादीशी नाते जुने आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले, गांधीजीही आले होते. आरमोरी, नागभीडकडचा कोसा मिळाला तर एक तुकडा जरूर करून पाहा. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचे हे रेशीम मुळातच मधाळ रंगाचे असते. नक्षी पांढरी येणार नाही, पण काळ्याशेजारी तो रंग शोभतो.

आता बांधणे. सुरुवातीला दोन प्रकार पुरेत.

पहिला दाण्यांचा. धानाच्या बांधीतली लाखोळी किंवा हरभरा घ्या. एकेक दाणा कापडाखाली धरून वरून दोऱ्याचे पाच-सहा घट्ट वेढे द्या. प्रत्येक दाण्याभोवती एक कडे उमटते.

दुसरा बांबूचा. जपानी कारागीर त्याला अराशी, म्हणजे वादळ, म्हणतात, कारण पावसाच्या तिरक्या सरींसारखी नक्षी येते. बुरडाकडून मनगटाएवढा जाड, वाळलेला कटांग बांबू आणा आणि पेरावरची गाठ तासून सपाट करून घ्या. कापड तिरके ठेवून बांबूभोवती एकदाच गुंडाळा, थरावर थर नको. एका टोकाला दोरा बांधून बोटभर अंतराने वेढे देत जा. आठ-दहा वेढे झाले की दोन्ही हातांनी कापड त्या टोकाकडे रेटा. चुण्या पडून ते आखडते. पुन्हा वेढे, पुन्हा रेटणे. वीतभर कापड चार बोटांत बसले पाहिजे. इथे लोखंडी नळी चालणार नाही. हिरडा प्यालेले ओले कापड लोखंडाला टेकले की काळा डाग पडलाच. टाचण्या आणि लोखंडी चिमटेही त्याच कारणाने नकोत.

बांधलेले कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा. धागे पाणी पिऊन फुगलेले असले की रंग आत कमी पळतो. मग हिराकसाच्या पाण्यात बुडवा. डोळ्यांदेखत पिवळट कापड राखाडी होऊ लागते. दोन मिनिटे पुरेत.

यापुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. कापड बाहेर काढून लगेच दोरा कापायचा नाही. घडीच्या आतल्या कोऱ्या भागात हिरडा अजून तसाच आहे. लोहाचे दोन थेंब ओघळले तरी तो काळवंडणार. म्हणून बांधलेलेच कापड दोन-तीन पाण्यांतून काढा, नीट निथळा, मग सोडा आणि सोडल्याबरोबर पुन्हा भरपूर पाण्यात खंगाळा. वाळवायचे ते सावलीत.

सगळे नीट करूनही कोरा भाग राखाडी झाला, तर पाणी तपासा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाकून थोडा वेळ ठेवा. पाणी काळपट झाले तर तुमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. अशा वेळी धुण्याला पावसाचे साठवलेले पाणी वापरा.

शेवटी एक विनंती. हिरडा वेचायला स्वतः रानात शिरू नका. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथल्या वनवासींना दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हा हिरडा आठवडी बाजारात विकणाऱ्या बाईकडून, तिने सांगितलेल्या भावाने घ्या. पाव किलोत बऱ्याच ओढण्या होतात.

पुढच्या आठवड्यात पळस. वाळलेली फुले आणि तुरटी आणून ठेवा.