दीपोत्सवापूर्वीचे एक गृहकर्तव्य : भिंतींच्या भेगा आणि सांधे

विजयादशमीचे सोने लुटून झाले, की मराठी घराला दीपावलीची चाहूल लागते. दशमीपासून धनत्रयोदशीपर्यंत साधारण अठरा दिवस हाती असतात. या अठरा दिवसांत माळे रिकामे होतात, अंथरुणांना ऊन मिळते, तांब्यापितळेची भांडी लखलखू लागतात आणि भिंतींवर रंगाचा हात फिरतो. आश्विन अमावास्येच्या रात्री लक्ष्मी घरोघर संचार करते व जेथे स्वच्छता आढळते तेथे वास्तव्य करते, ही आपली परंपरागत श्रद्धा आहे. तिचा एक व्यावहारिक अर्थ आम्ही असा घेतो, की वर्षातून एकदा तरी गृहस्थाने आपले घर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत डोळसपणे पाहावे.

मातीच्या घरांत हे पाहणे आपोआप घडे. चार महिन्यांच्या पावसाने भिंतींचे पोपडे सुटलेले असत. घरातील स्त्रिया शेणकाला करून भेगा लिंपीत आणि वरून पांढऱ्या मातीचे किंवा चुन्याचे पोतेरे फिरवीत. भिंतीवरून रोजचा हात फिरत असल्याने कोणती भेग जुनी आणि कोणती नवी, हे त्यांना सांगावे लागत नसे. आज रंगाऱ्याला बोलावून आपण मोकळे होतो. तोही सणाच्या घाईत असतो. तो भेगेत लांबी भरतो, वर रंग चढवतो आणि पुढच्या घरी जातो. होळीच्या सुमारास तीच रेघ त्याच जागी पुन्हा उमटते.

भेग पडते कशाने?

शहरांतील घरांत अलीकडे जिप्समच्या तक्त्यांची छते आणि आडभिंती सर्रास दिसतात. हा तक्ता म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये बसवलेला जिप्समचा थर. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये अशा तक्त्याचे पेटंट घेतले. जिप्सम हे खनिज सुमारे दीडशे अंश तापवले, की त्यातील पाण्याचा बराचसा अंश निघून जातो व प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. गणेशमूर्तींमुळे ते आपल्या घरोघरी परिचित आहे. त्यात पाणी घातले, की ते पुन्हा दगडासारखे घट्ट होते.

तक्ता स्वतः सहसा तडकत नाही. तडकतो तो दोन तक्त्यांमधील सांधा. पावसाळ्यात हवेतील दमटपणाने लाकडी सांगाडा फुगतो आणि आश्विनातल्या कडक उन्हात आकसतो. पत्र्याचा सांगाडाही उष्णतेने किंचित हलतो. ही हालचाल केसाएवढीच असते; परंतु सांध्यात नुसते प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेले असेल, तर तो ठिसूळ पदार्थ ती सहन करू शकत नाही. सांध्याला पट्टीचा आधार हवा असतो. तो दिलेला नसेल किंवा पट्टी नीट चिकटलेली नसेल, तर भेग ठरलेलीच. स्क्रू कमी मारले असतील, तर तक्ता सैल राहतो आणि भेग परत परत येते.

घरच्या घरी दुरुस्ती

ही दुरुस्ती धीर धरणाऱ्या कोणालाही करता येते. प्रथम सांध्याजवळ तळहाताने हलके दाबून पाहावे. तक्ता हलत असेल, तर भेगेच्या दोन्ही अंगांना, कडेपासून बोटभर अंतर सोडून, सांगाड्यात नवे स्क्रू बसवावेत. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या किंचित खाली जावे, पण वरचा कागद फाटू नये. कारण तक्त्याचे बळ त्या कागदातच आहे. जवळ दिव्याची जोडणी असेल, तर आधी विजेचा प्रवाह बंद करावा.

त्यानंतर सुटलेली जुनी पट्टी आणि भुसभुशीत झालेला मसाला पात्याने खरवडून काढावा. भेग थोडी रुंद केल्याखेरीज नवा मसाला आत शिरत नाही. धूळ पुसून सांधे भरण्याचा तयार मसाला घ्यावा. बाजारात तो जॉइंटिंग कंपाउंड या नावाने मिळतो. त्याने भेग भरून वाळू द्यावी. मग मसाल्याचा पातळ थर देऊन त्यावर कागदी पट्टी सांध्याच्या मधोमध बसवावी आणि रुंद पात्याने दाबून खालची हवा व जादा मसाला बाहेर काढावा. हवेचा एखादा फुगा राहिला, तर तेथेच पुढे पोपडा धरतो.

पट्टी पूर्ण वाळल्यावर तिच्यावर दोन थर द्यावेत. दुसरा पहिल्यापेक्षा रुंद. शेवटचा थर वीतभराहून अधिक पसरला, म्हणजे उंचवटा डोळ्यांना जाणवत नाही. प्रत्येक थराला साधारण एक दिवस द्यावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याहून अधिक. शेवटी नाकातोंडाला फडके बांधून बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासावे, प्रायमरचा हात द्यावा आणि मगच रंग लावावा. प्रायमर टाळला, तर नवा मसाला रंग शोषून घेतो आणि दिव्यांच्या उजेडात नेमका तेवढाच पट्टा उठून दिसतो.

तक्ता जेथे विटांच्या भिंतीला भिडतो, तेथे मात्र कडक मसाला टिकत नाही. दोन्ही पदार्थ वेगवेगळे हलतात. तेथे रबरासारखा ताणणारा ॲक्रिलिक भराव वापरावा.

एवढे सारे अठरा दिवसांत सहज बसते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आरंभ केला, तर बसत नाही.

बुजवू नये अशी भेग

परंतु प्रत्येक भेग बुजवण्याजोगी नसते, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तक्त्यांच्या सांध्यावरून सरळ जाणारी बारीक रेघ बहुधा निरुपद्रवी असते. भोवती पिवळसर ओला डाग असेल, तर दोष सांध्याचा नसून वरच्या गळतीचा असतो. गळती थांबवल्यावाचून केलेला खर्च वाया जातो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा दिवसेंदिवस रुंदावणारी भेग, खांबातुळयांवरील गंजाचे डाग, अचानक अडकू लागलेली दारे, ही लक्षणे दिसताच रंगाऱ्याला थांबवून अभियंत्याला बोलवावे. संशय असेल, तेव्हा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. खुणेच्या पुढे भेग सरकली, तर ती जिवंत आहे असे समजावे.

सणाच्या निमित्ताने हे लिहिताना १९९३ चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपतींचे विसर्जन करून किल्लारी परिसरातील गावे झोपी गेली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. भूकंप कोणाच्या हाती नव्हता. परंतु तेथील भिंती दगडामातीच्या दोन पाखांच्या होत्या, मध्ये गाळ भरलेला, आणि दोन्ही पाखांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नव्हते. वर मातीच्या धाब्याचे जड ओझे होते. धक्का बसताच पाखे एकमेकांपासून सुटली. दगड मजबूत होता, सांधा नव्हता. तेव्हापासून दगडी घरांच्या मजबुतीकरणात आरपार दगड किंवा त्यांच्या जागी सळई व काँक्रीटचे जोड घालण्यावर भर दिला जातो.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक केली आहे. तरी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हा विषय निघाला, की खर्चाचे कारण पुढे येते आणि तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो. त्याच सभेत रोषणाईची वर्गणी मात्र विनातक्रार गोळा होते. रोषणाई जरूर व्हावी. परंतु यंदा वर्गणीची यादी करताना त्याच कागदावर इमारतीच्या तपासणीचीही एक ओळ लिहावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपल्या घरातील वडीलधारी माणसे आणि लेकरे ज्या छताखाली एकत्र बसतील, ते छत आणि त्या भिंती त्यापूर्वी एकदा निरखून पाहाव्यात. सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची व सुरक्षिततेची जावो.