तोळ्याची गोळी, गुंजेचा हिशोब

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. हे चार भाग सुटे आणून, मोजूनमापून, हाताने जुळवणे म्हणजे काडतुसाची हातभरणी. ठासणीच्या बंदुकीच्या काळात दुसरा मार्गच नव्हता. प्रत्येक बार नेमबाजाने स्वतः भरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या पुंगळीचे काडतूस आले आणि भरणी कारखान्यात गेली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांनी ती पुन्हा घरच्या टेबलावर आणली. पैसे वाचतात हे त्याचे एक कारण, पण मुख्य कारण सारखेपणा. सगळ्या गोळ्या निशाण्याच्या हातभर खाली लागत असतील तर दुर्बिणीचा स्क्रू फिरवून ते दुरुस्त होते. एक वर आणि एक खाली लागत असेल तर कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही.

या विद्येत वजनाचे माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. मराठी वाचकाला हे माप परके वाटायचे कारण नाही, कारण इंग्रजांनी प्रमाणित केलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. लांब पल्ल्यासाठी .३०८ या काडतुसात बहुधा १७५ ग्रेनची गोळी घालतात. म्हणजे ती तोळ्याला जेमतेम पाच ग्रेन कमी. तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या तर एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त भरते. हातभरणी करणारा दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, म्हणजे गुंजेचे जवळजवळ एकोणीस भाग करतो. हौशी लोक त्याही पुढे जाऊन दारूचा एकेक कण मोजतात. नळीसारख्या लांबट कणांच्या दारूत असा एक कण साधारण एक-दीड मिलिग्रॅमचा असतो. सराफाच्या काट्यालाही इतकी कटकट सहसा सोसावी लागत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे साध्या गणिताने कळते. ही १७५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघते. १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, अंतरावर पोहोचेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून सुमारे ११ मीटर खाली येते. तीन मजली घराएवढी ही घसरण आधीच ठाऊक असल्याने तिची भरपाई करता येते. घोळ होतो तो वेगातल्या फरकाने. वेग सेकंदाला १० मीटरने कमी झाला तर ३०० मीटरवर गोळी दोनेक सेंटिमीटर खाली लागते. ९१४ मीटरवर तोच फरक ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो. अंतर तिप्पट झाले आणि चूक पंधरापट. लांब पल्ल्याची सगळी चिंता या एका विषम हिशोबातून जन्माला येते.

वेग मोजता येऊ लागला म्हणून हे कळले. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने लाकडी ठोकळ्याचा लंबक टांगला, त्यात गोळी झाडली आणि लंबक किती झुलला यावरून तिचा वेग काढला. १७४७ मध्ये त्याने आटे पाडलेल्या नळीचे फायदेही शास्त्रीय रीतीने मांडले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला, फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. आता लंबकाची जागा पुस्तकाएवढ्या डॉप्लर रडारने घेतली आहे.

चार घटकांत पुंगळीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण तिच्यात शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे. काडतुसाचे पितळ ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त या प्रमाणाचे. बार उडताच आत ४००० वातावरणांच्या घरात दाब तयार होतो. पुंगळी फुगून कोठीच्या भिंतींना चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आक्रसून मोकळी होते. हे फुगणे-आक्रसणे पितळाला जमते, पोलादाला तितके जमत नाही. वापरलेली पुंगळी त्या विशिष्ट रायफलच्या कोठीच्या मापाची झालेली असते. अचूकतेच्या दृष्टीने हा फायदाच, म्हणून हातभरणी करणारा तिला साच्यातून पुन्हा दाबताना शक्य तितके कमी दाबतो.

पण पितळ वाकवले-दाबले की कडक होते. चार-पाच वेळा भरलेल्या पुंगळीची मान गोळीला वेगळ्याच ताकदीने धरते. कोणती सैल, कोणती घट्ट. गोळी सुटण्याचा क्षण बदलला की दाब बदलतो आणि दाबामागून वेग. यावर उपाय म्हणजे मान थोडा वेळ तापवून मऊ करणे. कारखान्यातही हे करतात, आणि अनेक लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक हीच त्याची खूण. ती डाग म्हणून घासून काढणारे नवखे कमी नाहीत. तापवायचे ते मानेलाच. बूड मऊ झाले तर ४००० वातावरणांसमोर ते टिकणार नाही.

पितळाचा आणखी एक धडा हिंदुस्थानातच मिळाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या इथल्या छावण्यांत पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात. दोष ऋतूचा समजून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. काडतुसे बहुधा तबेल्यांच्या आसपास ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसे आणि घडवताना पुंगळीत अडकून राहिलेला ताण त्या जागी फाटे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये या कोड्याचा उलगडा केला: ताण आणि अमोनिया दोन्ही हवेत, एकटा कुणी पितळ फोडत नाही. आजही अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चमकवू नयेत असे सांगतात, ते त्यामुळेच.

दारूचे काम जळण्याचे, फुटण्याचे नव्हे. बिनधुराची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते आणि तिचा जळण्याचा वेग कणांच्या आकारावर आणि त्यांच्यावरच्या लेपावर ठरतो. गोळी नळीत पुढे सरकताना मागची जागा वाढत जाते, तेव्हा वायूही वाढत्या प्रमाणात निघाला पाहिजे. म्हणून कणांना छिद्रे पाडतात. कण बाहेरून झिजतो आणि छिद्र आतून रुंदावते, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग एकदम घटत नाही. कोणत्या काडतुसात कोणती दारू किती, हे दाब मोजणाऱ्या प्रयोगशाळाच ठरवतात. अंदाजपंचे भरणीत रायफल फुटते आणि ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते.

दारूला हवामान कळते. जबलपूरच्या वायव्येकडचे विजय नगर घ्या. जानेवारीत तिथे पहाटे पारा दहा अंशांजवळ उतरतो, मे महिन्यात दुपारी चाळिशीच्या वर जातो. सामान्य दारूत दर अंश सेल्सियसमागे वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर बदलतो. तीस-बत्तीस अंशांचा फरक म्हणजे सोळा मीटर, आणि तो ९१४ मीटरवर जवळजवळ अर्धा मीटर. हिवाळ्यात जुळवलेले काडतूस उन्हाळ्यात नुसते वर लागते असे नाही, त्याचा दाबही वाढलेला असतो. तापमानाला फारशा न बधणाऱ्या दारू आता मिळतात, पण काडतुसांची पेटी उन्हात ठेवू नये हा जुना नियम अजून सुटलेला नाही.

प्राइमरबद्दल बोलण्यासारखे थोडेच. तो सगळ्या पुंगळ्यांत सारख्याच खोलीवर आणि तळाला टेकून बसला की झाले. गोळीचे मात्र तसे नाही. एका फुटात एक वेढा असलेल्या नळीतून निघताना ती मिनिटाला दीड लाखाहून जास्त गिरक्या घेत असते. तिचा तांब्याचा वेष्टणथर एका बाजूला किंचित जाड असेल तर गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो आणि गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी ती बाजूला फेकली जाते. ती पुंगळीत वाकडी बसली तरी परिणाम तोच. नळीतले आटे जिथे सुरू होतात तिथपासून गोळी किती अंतरावर बसवायची, यावर हौशी मंडळींचे वाद संपत नाहीत. एका रायफलला मानवलेले अंतर शेजारच्या रायफलला मानवेलच असे नाही.

या वादांतला बराच भाग मात्र संख्याशास्त्राच्या अज्ञानातून येतो. एका भरणीच्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या की नेमबाज तो कागद जपून ठेवतो आणि ‘ही भरणी जमली’ म्हणतो. विखुरणीचे नियम वेगळे सांगतात. प्रमाण विचलन तेच राहिले तरी सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतले अंतर तीन गोळ्यांत सरासरी त्याच्या १.७ पट, पाच गोळ्यांत २.३ पट आणि दहा गोळ्यांत ३.१ पट निघते. तीन गोळ्यांचा कागद नेहमीच खुशामत करतो. दोन भरण्यांतला खरा फरक दाखवायला तीस-तीस गोळ्या झाडाव्या लागतात, आणि तेवढे प्राइमर खर्चायला कुणी तयार नसते. वेगाचे प्रमाण विचलन सेकंदाला ३ मीटर असेल तर ९१४ मीटरवर दहा गोळ्यांचा उभा पसारा निव्वळ वेगामुळे सरासरी २८ सेंटिमीटर होतो. त्या अंतरावरच्या एफ-क्लास स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ दहा इंचांचे, म्हणजे २५ सेंटिमीटरचे. विचलन दीड मीटरवर आणले की पसारा १४ सेंटिमीटर होतो आणि वर्तुळात मावतो. हातभरणीची खरी कमाई एवढीच, आणि ती उभ्या दिशेतली.

आडव्या दिशेला वारा असतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हीच गोळी १००० यार्डांवर अडीच मीटरांच्या आसपास ढकलतो. वाऱ्याचा अंदाज ताशी दोन किलोमीटरने चुकला तरी ३० सेंटिमीटर गेले, म्हणजे काट्यावर रात्र घालवून जे मिळवले तेवढेच. कण मोजणाऱ्याने तेवढा वेळ झेंड्यांची फडफड वाचण्यात घालवला तर गुण अधिक वाढतील, असे म्हणायला हरकत नाही.

भारतात हे काम घरात करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. त्यामुळे सारखेपणाचा हा खटाटोप इथे कारखान्यांच्या वाट्याला आला, आणि जबलपूर हे त्याचे मोठे ठाणे. १९०४ मध्ये इथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, खमरियाचा दारूगोळा कारखाना. खमरियात रायफलच्या काडतुसांपेक्षा मोठ्या व्यासाचा माल तयार होतो. रायफलची काडतुसे ही जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची आणि पुण्याजवळच्या खडकीची ओळख. खडकीचा कारखाना १८६९ चा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे तिन्ही दारूगोळा कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीत आहेत.

कारखाना हातभरणीवाल्यासारखा एकेक काडतूस लाडाने जुळवत नाही. त्याचे एकक ‘लॉट’. एकाच पितळाच्या, एकाच दारूच्या, एकाच यंत्रजुळणीच्या मालाचा एक लॉट. त्यातले ठरावीक नग झाडून वेग आणि दाब मोजायचे आणि त्यावरून सगळा लॉट घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचे. नमुन्यावरून ढिगाचा निकाल लावण्याचे हेच संख्याशास्त्र घरगुती टेबलावर सहसा हरवलेले असते. जबलपूरच्या लाँग प्रूफ रेंजवर मोठ्या तोफा आणि त्यांचा दारूगोळा अशाच झाडणीने पारखला जातो.

ऑलिम्पिकच्या नेमबाजालाही लॉटचाच आधार असतो. ५० मीटर रायफलचे .२२ काडतूस रिमफायर जातीचे. त्याचे ठिणगी देणारे रसायन पुंगळीच्या दुमडलेल्या काठात असते आणि घोड्याचा फटका बसला की काठ चेपतो, त्यामुळे ते पुन्हा भरायची सोय नाही. या अंतरावर एक गुण म्हणजे ८ मिलिमीटर आणि गुणाचा दहावा भाग म्हणजे ०.८ मिलिमीटर. सेकंदाला ३३० मीटर वेगाच्या गोळीत १० मीटरचा फरक पडला तर ती सुमारे ७ मिलिमीटर वर-खाली लागते, म्हणजे जवळजवळ एक गुण. म्युनिकमध्ये २०१० मध्ये ६०० पैकी ५९७ गुणांनी जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि पॅरिसमध्ये २०२४ साली ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांचा खेळ याच मापांचा. या पातळीवर रायफल शिकंज्यात आवळतात, निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या तिच्यातून झाडून पाहतात आणि ज्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात त्याच्या पेट्या एकदम विकत घेऊन ठेवतात. त्याच कंपनीची, त्याच नावाची, पण दुसऱ्या लॉटची पेटी आली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.