क्रूझर मोटारसायकलचे काम : दिखावा आणि दुरुस्ती

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांची संख्या मोठी आहे. पूर्वी त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या साध्या प्रवासी बनावटीच्या असत. २००१ साली बजाजने कावासाकीच्या साह्याने 'एलिमिनेटर' ही लांबट, बुटक्या बैठकीची गाडी बाजारात आणली व २००५ मध्ये तिच्याच वळणाची, पण स्वस्त 'अ‍ॅव्हेंजर' आली. तेव्हापासून क्रूझर ही सामान्य तरुणाच्याही आवाक्यातील वस्तू झाली. आता असा तरुण गॅरेजवर येऊन म्हणतो, "उस्ताद, गाडी जरा भारी करून द्या." भारी म्हणजे त्याच्या लेखी मोठा आवाज, रुंद टायर आणि उंच हँडल. या तिन्ही गोष्टींनी गाडी बहुधा बिघडते, हे त्याला सांगणार कोण? ते काम कारागिराचेच आहे.

क्रूझर वळणावर जड का जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे. तिच्या दोन चाकांतील अंतर जास्त असते आणि पुढचा फोर्क अधिक कललेला असतो. फोर्क ज्या दांड्यावर फिरतो त्याची रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंतील अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जितका जास्त, तितकी गाडी सरळ रस्त्यावर स्थिर व वळवायला जड. हौशी मंडळी चित्रपटांतील गाड्या पाहून फोर्क आणखी लांब करून मागतात. त्याने ट्रेल वाढतो आणि गर्दीत हळू चालताना हँडल एका बाजूला कोसळू पाहते. उलट ज्या गाडीत फोर्कचे पाइप क्लॅम्पमध्ये सरकवता येतात, तिथे ते पाच-सात मिलिमीटर वर घेतले तरी वळणे हलके होते. त्याहून जास्त घेऊ नये. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर मडगार्ड किंवा चाक वर कुठे लागत नाही ना, हेही पाहावे.

तथापि पुष्कळ वेळा एवढेही करावे लागत नाही. "गाडी डोलते" अशी तक्रार आली, की पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेटमध्ये खड्डे पडलेले आहेत; फोर्क मागे-पुढे हलवल्यावर ठक्क वाजले तर तो ढिला आहे. मागचे चाक आडवे हलत असेल तर स्विंगआर्मचे बुश गेले. फोर्कमधील तेल तर कित्येक गाड्यांत विकत घेतल्यापासून बदललेलेच नसते! ते कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे व दोन्ही पायांत मोजून सारखे भरावे. मागचे शॉकअप गिऱ्हाइकाच्या वजनाप्रमाणे लावून द्यावेत. एकट्याने फिरणारा आणि रोज पत्नी व मुलाला घेऊन जाणारा, यांची गाडी एकाच खाचेवर ठेवणे बरोबर नव्हे. या सगळ्याला रुंद टायरच्या किमतीपेक्षा बहुधा कमीच खर्च येतो.

टायरचेच घ्या. अ‍ॅव्हेंजर २२० च्या मागच्या टायरवर १३०/९०-१५ असे लिहिलेले असते. म्हणजे रुंदी १३० मिलिमीटर, उंची रुंदीच्या नव्वद टक्के व रिम १५ इंची. त्याच रिमवर १५० चा टायर कोंबला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात व गोलाई बिघडते. गाडी झुकायला कुरकुरते. चेनला किंवा स्विंगआर्मला घासण्याची भीती वेगळीच.

ओढ वाढवून हवी असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा विचार करावा. १५ दात्यांऐवजी १४ चे बसवले, की मागच्या चाकावरची ओढ सुमारे सात टक्के वाढते. मात्र त्याच वेगाला इंजिन तितकेच जास्त फिरते, पेट्रोल अधिक लागते व कमाल वेग बहुधा घटतो. हे आधीच सांगावे. नुसता सायलेन्सर मोकळा करून ताकद वाढते, हा भ्रम आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट न बदलता तसे केले तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते.

कायद्याची बाजू तर फार महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कर्कश सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये राज्यातील अनेक शहरांनी पाहिली आहेत. फ्रेम कापणे, फोर्क लांबवणे, आवाज वाढवणे ही कामे कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नयेत. मजुरी हलाल, पण शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणारी, हे कसे जमणार?

काम संपल्यावर काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत आणि काय बदलले ते बिलावर लिहावे. गाडी आधी स्वतः चालवून, ब्रेक दाबून पाहावी. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर तिला पुन्हा बोलवावे; कोनसेट आणि चेन त्या वेळी हमखास थोडी आवळावी लागते.